रिमवर बसला म्हणजे गाडीला चालला असे नाही: चुकीच्या मापाच्या टायरबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन टायर विक्री विभाग

होटगी रोड, सोलापूर
दि. १२ मे २०२५

विषय: पोर्शे ७१८ केमन एस या गाडीसाठी मागवलेल्या चार टायरपैकी मागची जोडी चुकीच्या मापाची, पुढची जोडी वेगवेगळ्या वर्षांची व फिटिंग सदोष असल्याबाबत.

महोदय,

ऑर्डरची पावती सोबत जोडली आहे. तिच्यावर छापलेले माप असे: पुढे दोन, २३५/४० झेडआर १९ (९२वाय); मागे दोन, २६५/४० झेडआर १९ (९८वाय); चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एन१ खुणेचे (ही पोर्शेने मान्य केलेल्या टायरवरची खूण). गाडीबरोबर कारखान्यातून १९ इंची चाकांवर हेच माप येते. टायर माझ्या हाती न देता आपण थेट शहरातल्या आपल्या अधिकृत फिटिंग सेंटरला पाठवले आणि तिथेच ते बसवले गेले. गाडी ताब्यात आली तेव्हा मागे २६५/३५ झेडआर १९ ९८वाय एक्सएल (जास्त हवेवर जास्त भार पेलणाऱ्या मजबूत बांधणीचे) होते. खूण नाही, नक्षीही वेगळी.

यावर आपल्या ग्राहक सेवेचे लेखी उत्तर असे आहे: "रुंदी तीच, रिम तीच, लोड इंडेक्स तोच, स्पीड रेटिंग तेच. टायर व्यवस्थित बसला आहे. बसवलेला माल परत घेतला जात नाही." चपलेचा नंबर पाहून जोड काढून द्यावा, तसे हे उत्तर आहे. २६५ रुंदी आणि १९ ची रिम यांच्यामधला आकडा कुणी वाचलेलाच दिसत नाही.

तो मधला आकडा मिलिमीटरमध्ये नसतो, रुंदीच्या टक्क्यांत असतो. २६५ चे ४० टक्के म्हणजे १०६ मिमी उंचीची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत); ३५ टक्के म्हणजे ९३ मिमीहून किंचित कमी. १९ इंची रिम ४८२.६ मिमी. तिच्यात साइडवॉल दोनदा मिळवली की मूळ टायरचा व्यास ६९४.६ मिमी येतो आणि आपण बसवलेल्याचा ६६८.१ मिमी. २६.५ मिमीचा, म्हणजे ३.८ टक्क्यांचा फरक. पुढचा टायर ६७०.६ मिमीचा आहे. म्हणजे ज्या गाडीत मागचे चाक पुढच्यापेक्षा २४ मिमी मोठे असायला हवे, तिच्यात ते आता पुढच्यापेक्षा अडीच मिमी लहान झाले आहे.

याचा परिणाम कुठे होतो ते सांगतो, कारण आपल्या उत्तरात "दिवा लागलेला नाही, म्हणजे सिस्टीमला मान्य आहे" असेही एक वाक्य आहे. एबीएस आणि स्थिरता सांभाळणारी पीएसएम यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याचा वेग सतत ताडून पाहते. मूळ मापात पुढचे चाक १०० फेरे घेते तेव्हा मागचे साधारण ९६.५ घेते. आता ते १००.४ घेते. सरळ रस्त्यावर, पाय हलका असतानाही मागची चाके नेहमीपेक्षा चार टक्के जास्त फिरत आहेत असाच निरोप यंत्रणेला जात राहणार, आणि मागचे चाक जागेवर घसरते आहे हे ओळखण्याची खूणही हीच असते. थोडा फरक यंत्रणा सहन करते, कारण टायर झिजतात आणि हवा कमी-जास्त होते. ही सवलत झिजेसाठी ठेवलेली आहे. कोऱ्या टायरवर पहिल्याच दिवशी ती संपवून टाकण्यासाठी नाही. शिवाय त्याच वेगाला इंजिन चार टक्के जास्त फिरते आणि गाडीची मागची बाजू १३ मिमी खाली येते. ही गाडी आधीच जमिनीला लागून असते. सोलापूरच्या गल्लीबोळांतले गतिरोधक कुठल्या मापाने बांधतात हे बांधणाऱ्यालाच ठाऊक, तिथे १३ मिमी ही थट्टेची गोष्ट नाही.

आता "लोड इंडेक्स तोच" याविषयी. सगळ्यात फसवे वाक्य हेच आहे, कारण आकडा खरोखरच तोच आहे. ९८ म्हणजे एका टायरवर ७५० किलो. पण किती हवेला? साध्या बांधणीचा टायर आपला पूर्ण भार २५० किलोपास्कलला, म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला पेलतो. एक्सएल टायरला तोच भार पेलायला २९० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ४२ पीएसआय लागतात. ९८ चा एक्सएल टायर ३६ वर ठेवला तर तो साधारण ६७० किलोच पेलतो, जे साध्या टायरच्या ९४ इंडेक्सइतके झाले. गाडीच्या दारात चिकटवलेली हवेची पट्टी मूळ टायरसाठी आहे. तिच्याप्रमाणे हवा भरली तर हा टायर कमी भाराचा ठरतो. हवा वाढवली तर नक्षीचा मधला पट्टा आधी झिजतो, आणि आखूड साइडवॉलमुळे कडक झालेली गाडी आणखी उडते. या गाडीचे इंजिन मागच्या चाकांच्या थोडे पुढे आहे, वजन मागे जास्त आहे आणि जोरही मागच्याच चाकांना आहे. चूक करायचीच होती तर निदान या जोडीत करायला नको होती.

आकड्यामागचे वाय हे वेगाचे अक्षर. पावतीवरच्या ९८वाय भोवतीचा कंस गेला, म्हणजे ३०० किमीच्या वरच्या वेगाची हमी गेली. हा मुद्दा मी ताणत नाही. चौपदरी महामार्गावर १०० ची मर्यादा आहे, पुण्याला जाताना ३०० कुणाला हवेत?

एन१ ची गोष्ट मात्र वेगळी. एन आणि पुढे आकडा ही खूण पोर्शेने आपल्या गाडीवर तपासून मान्य केलेल्या टायरवर असते, जशी बीएमडब्ल्यूची चांदणी किंवा मर्सिडीजची एमओ. एकाच नावाच्या, एकाच मापाच्या टायरमध्येसुद्धा खूण असलेल्याची आतली बांधणी वेगळी असू शकते. पुढे खुणेचे आणि मागे बिनखुणेचे असे मिसळू नका, असे गाडीची कंपनीच सांगते. पुढची पकड एका स्वभावाची आणि मागची दुसऱ्या स्वभावाची झाली की ओल्या वळणावर मागची बाजू कधी सुटेल याचा अंदाज चालवणाऱ्याला राहत नाही.

पुढच्या जोडीचे माप बरोबर आहे, पण उजव्या टायरवर ४१२४ आणि डाव्यावर १५२२ आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: एक ऑक्टोबर २०२४ चा, दुसरा एप्रिल २०२२ चा. सावलीत, नीट ठेवलेला तीन वर्षांचा टायर टाकाऊ असतो असे मी म्हणत नाही. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे आणि या मापांचा साठा तुटपुंजा असतो, हेही ठाऊक आहे. पण रबर न वापरताही हळूहळू कडक होत जाते. एकाच आसावर अडीच वर्षांच्या फरकाचे दोन टायर असले की ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारताना दोन्ही बाजूंची पकड सारखी राहील याची खात्री देता येत नाही. साठा जुना असेल तर तो ऑर्डर घेतानाच सांगायचा, आणि जोडी तरी एका वयाची द्यायची.

जुनी तारीख दिसली तीही आपल्या सेंटरच्या दुसऱ्या चुकीमुळे. पूर्ण तारीख टायरच्या एकाच बाजूला असते. या टायरवर ती आतल्या बाजूला आहे, म्हणजे एकदा बसवला की गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही. डावा पुढचा टायर उलटा बसवला आहे. गाडीशेजारी उभे राहिले की त्याच्या साइडवॉलवर ठळक अक्षरांत "इनसाइड" वाचता येते आणि त्याच्याखाली १५२२. असममित नक्षीच्या टायरला डावे-उजवे नसते, पण आतले-बाहेरचे असते. बाहेरच्या खांद्याचे गट्टे मोठे आणि जोडलेले असतात, वळणावर भार त्यांच्यावर येतो. पाणी काढणाऱ्या रुंद चऱ्या आतल्या बाजूला जास्त असतात. उलट्या टायरने वळणावरचा भार कमकुवत गट्ट्यांवर घेतला जातो आणि दोन्ही पुढच्या चाकांचे पाणी सारखे निघत नाही. मृग तोंडावर आला आहे.

फिटिंगबद्दल आणखी. मागच्या उजव्या चाकातला हवेचा सेन्सर तुटला आहे. टायरची कड रिमपासून सोडवणारा मशीनचा पंजा नोझलपासून लांब लावायचा असतो, कारण सेन्सर नोझलच्या मुळाशीच असतो. इथे पंजाचा ओरखडा नोझलशेजारीच उमटलेला दिसतो. बॅलन्सिंगची वजने क्लिपची लावली आहेत. ती रिमच्या रंगवलेल्या कडेत रुतली असून दोन ठिकाणी रंग उडाला आहे. अशा अलॉयला आतून चिकटणारी वजने लावतात. बोल्ट गनने आवळले. यांना १६० न्यूटन मीटरचा टॉर्क लागतो, तोही टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळत. गनने जास्त आवळलेला बोल्ट ताणला जातो, आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरण्याचे ते एक कारण असते. अलाइनमेंटचे पैसे घेतले, आधीचा आणि नंतरचा छापील कागद दिला नाही.

हवेबाबत तर सेंटरने गाडी देताना उपदेशही केला: "उन्हाळ्यात हवा कमीच ठेवायची बघा साहेब, नाहीतर फुटतंय." चारही चाकांत २८ पीएसआय. हा समज सोलापुरात पंक्चरच्या टपरीपासून एसी शोरूमपर्यंत सगळीकडे आहे, आणि तो नेमका उलटा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबून सुटताना रबर आणि दोरे आतून तापतात, आणि ४२ अंशांच्या दुपारी डांबरावर ती उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. टायर फुटतो तो बहुतेक वेळा अशा आतल्या उष्णतेने. हवा पट्टीप्रमाणे, थंड टायरमध्ये भरायची. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. चालून गरम झाल्यावर वाढलेले चार-पाच पीएसआय पट्टीत आधीच धरलेले असतात, ते सोडून द्यायचे नसतात. दुपारी ४२ अंशांत ३६ भरले तर पहाटे २७ अंशांत तेच सुमारे अडीच पीएसआयने कमी दिसतात, म्हणून मोजायचे पहाटे. नायट्रोजनचे प्रत्येक चाकामागे वेगळे पैसे लावले आहेत. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आत भरलेला वायू कोणताही असो, २८ म्हणजे २८.

या गाडीत स्टेपनी नसते. पंक्चर भरायचा द्रव आणि छोटा पंप, एवढेच. तो द्रव नक्षीतल्या खिळ्यापुरता आहे, साइडवॉलच्या कटाला किंवा फुग्याला त्याचा उपयोग नाही. १३ मिमी कमी रबर असलेली साइडवॉल खड्ड्याच्या कडेवर आपटून रिमला चिमटली, तर मोहोळजवळ रात्री गाडी उचलून आणण्यापलीकडे उपाय उरत नाही. जुने टायर १.६ मिमीच्या कायदेशीर मर्यादेच्या वर होते, तात्पुरते तेच लावता आले असते, पण सेंटरने ते ठेवून घेतले.

माझ्या मागण्या. मागची जोडी २६५/४० झेडआर १९ (९८वाय), एन१, पावतीवरच्याच नक्षीची, बदलून द्यावी. पुढचा १५२२ चा टायर बदलावा; त्याच्या जागी येणारा ४१२४ च्या पाच-सहा महिन्यांच्या आतला असावा. असा मिळत नसेल तर पुढची जोडीच बदलावी. चारही टायरच्या तारखा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून, बसवण्याआधी मला पाठवाव्यात. सेन्सर नवा टाकून गाडीला ओळखवून द्यावा. उडालेल्या रंगाची दुरुस्ती करून द्यावी, नायट्रोजन आणि अलाइनमेंटचे पैसे परत करावेत. नवे फिटिंग ज्या सेंटरमध्ये टॉर्क रेंच आणि चिकटणारी वजने आहेत तिथेच व्हावे, ते सोलापुरात नसेल तर पुण्यात, ने-आण आपल्या खर्चाने. जुने टायर विकले नसतील तर परत करावेत.

"बसवलेला माल परत नाही" ही अट इथे लागू होत नाही. टायर बसवले ते आपल्याच सेंटरने, ग्राहकाला न दाखवता. ऑर्डरमध्ये सांगितलेल्या गुणांचा माल नसेल तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही, असे ई-कॉमर्स नियम २०२० सांगतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात, हेही त्यांतच आहे. त्या मुदतीत काही झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे सोलापुरातच, अर्ज दाखल करीन. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल.

गाडी सध्या घरी उभी आहे आणि या टायरवर ती चालवली जाणार नाही. न्यायला येणाऱ्यांनी चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेड आणावा, दोन चाकांवर ओढणारा नको. समोरची बाजू खाली असल्याने चढवताना फळ्या लागतील. बोल्टांपैकी प्रत्येक चाकावरचा एक कुलपाचा आहे, त्याचा सॉकेट माझ्याकडे आहे. तो गनला लावायचा नाही.

आपला,
ग्राहक (नाव, संपर्क व ऑर्डर क्रमांक पावतीवर)

सोबत: पावती, चारही साइडवॉलचे फोटो, तुटलेल्या सेन्सरचा व रिमच्या कडेचा फोटो, ग्राहक सेवेच्या उत्तराची प्रत.