आधी सलग पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन गायक चाइल्डिश गॅम्बिनोच्या ‘धिस इज अमेरिका’ या म्युझिक व्हिडिओतले ‘छुपे अर्थ’ उलगडणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. चिन्हांची यादी चोख आहे, पण मुख्य गोष्ट निसटली असं वाटतं. मी व्हिडिओ संकलनाचं काम करते. पडद्यावर प्रेक्षकाची नजर कुठे जाईल, याच विचारात माझा दिवस जातो. म्हणून हे पत्र.

हिरो मुराई दिग्दर्शित हा व्हिडिओ मे २०१८ मध्ये आला आणि लोक तो थांबवून थांबवून पाहू लागले. मागून पांढरा घोडा जातो, त्याला बायबलमधल्या मृत्यूच्या स्वाराचा दाखला मिळाला. शेवटाकडे नाच थांबून शांतता पसरते. तिचे सेकंद मोजून कुणी ती त्याच वर्षी अमेरिकेतल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात मारल्या गेलेल्या १७ जणांशी जोडली. घोडा मला पटतो. सेकंदांचं गणित मात्र ओढूनताणून आणलेलं वाटतं.

पण पहिल्या खेपेला तो घोडा दिसतो तरी किती जणांना? डोनाल्ड ग्लोव्हर (गॅम्बिनो हे त्याचं गायक म्हणून घेतलेलं नाव) उघड्या अंगाने, शाळेच्या गणवेशातल्या मुलांसोबत नाचत असतो. कॅमेरा त्याचा पिच्छा सोडत नाही, दृश्यांचे जोड (कट) जवळजवळ जाणवतच नाहीत. मागे पळापळ चालू असते आणि आपले डोळे त्याच्या पावलांवर खिळलेले. आपलं असं गुंतून जाणं मुराईने मुद्दाम घडवून आणलं आहे, आणि व्हिडिओचा आशय तिथेच आहे. चित्र थांबवलं की मागचं सगळं सापडतं, पण नाचाच्या नादात ते आपल्या नजरेतून सुटलं होतं, हा अनुभव हातचा जातो.

सुरुवातीचा खून पाहा. आधी गिटार वाजवत असलेल्या माणसाच्या डोक्यावर आता पिशवी आहे. ग्लोव्हर कमरेमागून पिस्तूल काढतो, एक गुडघा वाकवून, कंबर एका बाजूला काढून उभा राहतो आणि गोळी झाडतो. उभं राहण्याची ही ढब एकोणिसाव्या शतकातल्या ‘जिम क्रो’ या पात्राच्या चित्रांची आठवण देते, गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, त्या काळातली ती चित्रं. हा संदर्भ लेखात आहे. लेखात नाही ते पुढचं: एक मुलगा लाल कापड घेऊन धावत येतो, पिस्तूल अलगद त्यात ठेवलं जातं आणि प्रेत फरफटत नेलं जातं. काय जपलं जातंय, हे कळायला इतिहास माहीत असावा लागत नाही. पुढे चर्चमध्ये गातात तशा गायकवृंदावर त्याने गोळ्या झाडल्यावरही हत्यारासाठी लाल कापड येतंच. त्या दृश्यात अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात २०१५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये झालेली नऊ जणांची हत्या प्रेक्षकांना आठवली, ते रास्तच आहे.

तो गिटारवाला म्हणजे २०१२ मध्ये फ्लोरिडात मारल्या गेलेल्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाचे, ट्रेव्हॉन मार्टिनचे वडील, असंही पसरलं होतं. ते खोटं निघालं. तो एक संगीतकार होता. तरी ही अफवा मला घोड्यापेक्षा मोलाची वाटते. पाहणाऱ्यांच्या मनात कोणतं दुःख ताजं होतं, ते तिच्यातून उघड झालं. तिच्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

ग्लोव्हरने स्वतः अर्थ सांगायचं टाळलं, तो प्रेक्षकांवर सोपवला. म्हणून विनंती अशी, की पुढच्या वेळी लेखकाने व्हिडिओ पहिल्यांदा सलग पाहताना आपली नजर कुठे होती, तेही लिहावं. यादी त्यानंतर द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक