नाव, गाव आणि वॉर्ड क्रमांक

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील दोन मजकूर मी एकापाठोपाठ एक वाचले आणि रात्री धड झोप लागली नाही, म्हणून हे पत्र आज सकाळच्या पहिल्या एस.टी.ने तालुक्याला धाडीत आहे. पहिला मजकूर संपादकीय पानावरचा. इस्लाम सोडून ख्रिस्ती झालेल्या माणसांवर इराण, अफगाणिस्तान, सुदान, मलेशिया या देशांत काय प्रसंग गुदरतात ते त्यात सविस्तर आणि कळवळ्याने सांगितले आहे. दुसरा जिल्हा पानावरचा. आमच्याच तालुक्यातील एका मुसलमान तरुणाने ‘बाप्तिस्मा घेतल्याची चर्चा’ असल्याचे सांगून त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, वॉर्ड क्रमांक आणि तो कोठे कामाला जातो ते सारे आपण छापले आहे. या दोन पानांत अंतर चारच पानांचे आहे, तरीही संपादकीय पानावरचा कळवळा जिल्हा पानापर्यंत पोहोचू शकला नाही, याचे मला नवल वाटते. ‘परिसरात एकच खळबळ’ असे आपला वार्ताहर लिहितो. परवापर्यंत त्या गावात खळबळ कोठेच नव्हती, कारण कोणाला काही ठाऊकच नव्हते. ती आपण काल सकाळच्या गठ्ठ्यासोबत पाठवून दिली.

लेखाविषयी माझी तक्रार नाही, एक दुरुस्ती मात्र आहे. सुदानमधील ज्या मरियम इब्राहिम यांना २०१४ मध्ये फाशी आणि शंभर फटक्यांची शिक्षा सुनावली गेली व ज्यांना तुरुंगातच बाळंत व्हावे लागले, त्या धर्मांतरित नव्हत्याच. बाप मुसलमान होता एवढ्यावरून न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवले. वाढवले होते ते त्यांच्या ख्रिस्ती आईने. बाकी तपशील बरोबर आहे. काबूलच्या अब्दुल रहमान यांना २००६ मध्ये जीव वाचवण्यासाठी इटलीचा आश्रय घ्यावा लागला. इराणच्या दंडसंहितेत धर्मत्यागाचे कलमच नसताना युसेफ नादरखानी या पाद्र्यांना २०१० मध्ये फाशी सुनावली गेली आणि २०१२ मध्ये ती रद्द झाली. मलेशियातील लीना जॉय यांच्या ओळखपत्रावरचा ‘इस्लाम’ हा एक शब्द पुसण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये नकार दिला. हे सारे ठीक आहे. परंतु लेखकाने शेवटी ‘सुदैवाने आपल्या देशात असा कायदा नाही’ म्हणून जो सुस्कारा टाकला आहे, तो पुणे-मुंबईत बसून टाकणे सोपे आहे. कायदा नाही म्हणून धोका नाही, असे ज्याला वाटत असेल त्याने आमच्याकडे एखाद्या बाजाराच्या गावी आठ दिवस राहून पाहावे.

माझा हा राग जुना आहे. १९९४ साली मी ज्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो, तेथे बाजारओळीत कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा एक गृहस्थ माझा स्नेही होता. त्याचे नाव देत नाही, गावही देत नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण वाचनाचे वेड असे की किराण्याच्या पुड्यांचे कागदसुद्धा तो उलगडून वाचत असे. तो ख्रिस्ती का झाला हे मी त्याला कधी विचारले नाही. मला स्वतःला धर्म बदलण्याचे कौतुक नाही. ज्या घरात जन्मलो त्या घरातल्या देवांशीच माझे धड पटलेले नाही, आणखी एक कोठून आणू? पण त्याने बदलला, आणि तो त्याचा प्रश्न होता. बाप्तिस्मा दुसऱ्या जिल्ह्यात झाला आणि त्यानंतर जवळजवळ आठ महिने गावात कोणाला पत्ता नव्हता. रविवारी गाद्यांची ऑर्डर आहे असे सांगून तो सकाळच्या गाडीने जाई आणि दिवेलागणीला परत येई. चर्चमध्येही त्याचे स्वागत बेताचेच असे, कारण मुसलमानी नावाचा हा अनोळखी माणूस कोणी मुद्दाम धाडलेला तर नसेल, ही त्या मूठभर कुटुंबांची भीती होती. नाव बदलून घ्यावे तर ते राजपत्रात छापून यावे लागते, म्हणजे पुन्हा दवंडीच. तेव्हा त्याने जुने नाव तसेच ठेवले.

मग एका दैनिकात (आपल्या नव्हे, ते आता बंद पडले आहे आणि मला त्याचे दुःख नाही) सहा ओळींची बातमी आली. नाव, गाव, धंदा, सगळे अचूक. शुद्धलेखनाची एक चूकसुद्धा नव्हती.

चौथ्या दिवशी त्याच्या बायकोचे भाऊ जीप घेऊन आले. नवऱ्याने दीन सोडला की निकाह त्याच क्षणी तुटतो असे त्यांचे म्हणणे होते. मी नंतर वकिलाकडची पुस्तके चाळली, तर नवऱ्यापुरते ते खरेच निघाले. बायकोने धर्म सोडला तर मात्र १९३९ च्या कायद्यानुसार केवळ तेवढ्यावरून लग्न मोडत नाही. ती बाई जायला राजी होती की नव्हती, हे तिला कोणी विचारलेले मी पाहिले नाही. थोरली मुलगी माझ्या वर्गात चौथीला होती. तिचा दाखला न्यायला कोणी आलेच नाही. मी तो लिहून ठेवला होता आणि माझी बदली होईपर्यंत तो टेबलाच्या खणात पडून होता.

आठवडाभरात भावांनी पिंजायचे यंत्र वडिलोपार्जित म्हणून उचलून नेले आणि दुकानातला त्याचा हिस्साही संपला असे सांगितले. धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क जात नाही हे इंग्रजांनी १८५० सालीच कायद्याने ठरवून टाकले आहे, असे मी त्याला मोठ्या उत्साहाने समजावून दिले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “गुर्जी, कोर्टात पुकारा होते तो नाव घेऊनच होते ना?” त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. ठाण्यावर गेलो तर जमादारांनी घरातले भांडण आहे, आपसात मिटवा, असा सल्ला दिला. पुढे एका रात्री दुकानातल्या कापसाला आग लागली. विडीचे थोटूक पडून लागली असे पंचनाम्यात आहे. तो विडी ओढत नव्हता.

आता एवढेच लिहून थांबलो तर आपल्या काही वाचकांना फार बरे वाटेल, म्हणून पुढचेही लिहितो. चौकातल्या आमच्या हिंदू पोरांनी ‘किती मिळाले?’ हे विचारून त्याचा पिच्छा पुरवला होता, जणू पैसे मोजून घेतल्याखेरीज गादीवाल्याच्या डोक्यात विचार येऊच शकत नाही. एका पुढाऱ्याने त्याची शुद्धी करून देण्याची तयारी दाखवली, म्हणजे ज्या घरात तो कधी राहिलाच नव्हता तेथे त्याला परत नेणार होते. आणि ज्याने त्याला पहाटे सायकलवर डबलसीट बसवून फाट्यापर्यंत नेले, तिकिटाचे पैसे दिले आणि गाडी हलेपर्यंत तेथे उभा राहिला, तो पाच वेळा नमाज पढणारा म्हातारा हाजी होता. ‘दीनमध्ये जबरदस्ती नाही’ हे कुराणातले वचन त्याने जमातीतल्या तरण्या पोरांना ऐकवले होते आणि वर म्हणाला होता, “हिशोब त्याचा अन् अल्लाचा हाय, तुमी काहून मधात?” त्याबद्दल त्यालाही महिनाभर कोणी सलाम केला नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्याचे एक पोस्टकार्ड आले. खाली पत्ता लिहिलेला नव्हता. पोस्टाचा शिक्का मला वाचता आला. तो मी आजवर घरातही कोणाला सांगितलेला नाही.

महोदय, चर्चमधले कार्यक्रम जर उघड असतील तर लपवायचे कशाला, असा प्रश्न आपले वार्ताहर मला दूरध्वनीवर विचारतील, म्हणून आधीच उत्तर देतो. याच मातीत, नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी भर मैदानात धर्म बदलला आणि त्या उघडपणाचा आम्हा वैदर्भीयांना अभिमान आहे. पण तेथे बाबासाहेब होते आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचा भाऊ, त्याचा चुलता, त्याचा सारा मोहल्ला होता. वॉर्डातल्या एकट्या पोराच्या शेजारी कोण असते? ज्यांच्यात तो जेवतो-झोपतो त्यांच्याच भीतीने त्याला तोंड मिटून बसावे लागते. आमच्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या मध्य प्रदेशाने २०२१ च्या कायद्यात धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट घातली आहे. सक्ती आणि फसवणूक रोखण्यासाठी ती आहे असे सांगतात, आणि सक्ती रोखलीच पाहिजे. पण दोन महिने एखादा कागद तहसिलीत फिरला आणि तो गावात कोणाला कळला नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तेथील अशीच पूर्वसूचनेची अट रद्द केली, तेव्हा माणसाला श्रद्धा बदलण्याचा जसा हक्क आहे तसाच ती आपल्यापाशी ठेवण्याचाही आहे, असे स्पष्ट म्हटले होते. श्रीनगरात नोव्हेंबर २०११ मध्ये मुसलमान तरुणांना बाप्तिस्मा दिला म्हणून एका पाद्र्याला अटक झाली, तेव्हा आपल्या दैनिकाने अग्रलेख लिहिला होता असे मला आठवते. त्या अग्रलेखाची आठवण आपल्या जिल्हा पानावरच्या मंडळींना कोणी करून द्यावी.

अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीचे नाव आपण छापत नाही, अल्पवयीन आरोपीचे छापत नाही; तेथे कायद्याचा धाक आहे. जेथे धाक नाही तेथे स्वतःच्या बुद्धीने नाव गाळता येत नाही काय? बातमी द्यायचीच होती तर ‘तालुक्यातील एक तरुण’ एवढ्यावर भागले असते. वॉर्ड क्रमांक कोणत्या वाचकाच्या उपयोगाचा होता? ज्याला त्याच्या दारावर जायचे आहे त्याच्याच ना?

जाता जाता आणखी एक. मागील वर्षी येथील ख्रिस्ती दफनभूमीच्या पडलेल्या कुंपणाबद्दल मी पत्र लिहिले होते. त्यातील कुंपणाचा भाग आपण कापला आणि माझे नाव व गाव मात्र ठळक अक्षरांत छापले. कुंपण अजून पडलेलेच आहे. तेव्हा या वेळी जागा कमी पडली तर मजकूर हवा तेथे छाटावा, पण खालची सही आहे तशीच ठेवावी, ही विनंती.

काल सायंकाळी दवाखान्यातून परतताना मी मुद्दाम त्या गावात उतरलो. विचारायला नको होते, पण राहवले नाही. बातमीत दिलेली कामाची जागा उघडी होती. तो तेथे नव्हता. मी मालकाला त्याच्याविषयी विचारले, तेव्हा त्याने हातातले काम खाली ठेवले आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, “तुमी पेपरवाले हाय काय?”

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, जि. बुलढाणा
(नाव व पत्ता संपादकांकडे)