बँकॉकला मे महिन्यातच जा

प्रिय मंद्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये लटकलेलो, धड बोलता आलं नाही, म्हणून आता ठाण्याला घरी पोचून नीट लिहितोय. काका-काकूंना घेऊन बँकॉकला जातोयस तर देवळं बघच, पण एक सकाळ ऑर तोर कोर मार्केटसाठी राखून ठेव आणि त्या दिवशी हॉटेलचा ब्रेकफास्ट अजिबात करू नकोस. मेट्रोने कांफेंग फेट स्टेशनला उतर, बाहेर आलास की मार्केटच. पलीकडे चातुचाकचा वीकेंड बाजार आहे, सगळे तिकडेच पळतात, पण खायला खरी मजा इकडे.

जांभळी नाक्यावर भाजी घेत वाढलेली माणसं आपण, तिथे पाय निघत नाही रे. केळफूल, कच्ची पपई, नारळ, सगळं ओळखीचं, फक्त केळफूल ते कच्चंच खातात, पाड थाईच्या, म्हणजे त्यांच्या परतलेल्या नूडल्सच्या, बाजूला फोड ठेवून. आणि खनोम क्रोक खाच, अगदी आपल्या आप्पेपात्रासारख्या भांड्यात तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण, वरून गोडसर नारळाचं दूध, कडा कुरकुरीत आणि आत लुसलुशीत, पातीचा कांदा किंवा मका घातलेले पण मिळतात, गरमच खा, थांबलास तर गेलं!

मँगो स्टिकी राइस तर विचारूच नकोस. चिकट तांदूळ वाफवून गरम असतानाच साखर-मीठ घातलेल्या नारळाच्या दुधात मुरवतात, बाजूला नाम दोक माई आंबा आणि वर कुरकुरीत मुगाची डाळ. माझं प्रामाणिक मत सांगतो, हापूस तो हापूसच, पण या भाताबरोबर त्यांचाच आंबा हवा, हापूस सगळी चव स्वतःकडे ओढून घेईल.

मँगोस्टीन घे भरपूर. आपलं कोकम आणि हे, दोघंही गार्सिनिया, म्हणजे भावंडंच. फळाच्या बुडाला फुलासारखी खूण असते, जितक्या पाकळ्या तितक्याच आत फोडी, काकांना मोजायला लाव, खूश होतील. सालीचा डाग मात्र जात नाही, पांढरा शर्ट नको. ड्युरियन म्हणजे ते फणसासारखं काटेरी फळ, विकणारा काठीने ठोकून आवाजावरून पिकलाय का ते सांगतो. तिथेच उभ्याउभ्या खा, कारण वासामुळे मेट्रोत नेता येत नाही आणि बहुतेक हॉटेलंही आत घेऊ देत नाहीत. पहिला घास घेऊन सोडून देऊ नकोस, तिसऱ्या घासाला कळतो तो.

काकूंचं टेन्शन घेऊ नकोस. तिकडे साध्या भाजीतही फिश सॉस पडतो हे खरं, पण पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली की ते ‘जे’ जेवण, त्यात मांस-मासे, अंडं, दूध तर नाहीच पण कांदा-लसूणही नाही, त्यांच्या चातुर्मासाला पण चालेल.

आणि दिवाळीचं तिकीट स्वस्त पडतंय म्हणालास ना, ते काढू नकोस, प्लीज. आंबा, मँगोस्टीन, ड्युरियन तिन्ही एकत्र मिळायला मे महिनाच हवा. काकांशी बोल आणि आज रात्रीच कळव.

तुझा,
निल्या