आठवड्याची चिठ्ठी नेमकी हवी

संपादक महोदय,

'या आठवड्यात गणित व भाषेचा अभ्यास झाला' एवढ्या ओळीने पालकांच्या हाती काहीच लागत नाही. प्राथमिक वर्गातून पालकांना जाणारी साप्ताहिक चिठ्ठी अर्ध्या पानाची चालेल, पण नेमकी हवी. नुसते 'हातच्याची वजाबाकी' न लिहिता ५२ − २७ हे उदाहरण वर्गात सोडवले तसेच मांडावे: ५ दशक २ एकक, एक दशक सुटा केला की ४ दशक १२ एकक, त्यातून २ दशक ७ एकक काढले, उरले २५. घरी वेगळी रीत दाखवली गेली की मूल दोन्हींत अडकते, म्हणून हे फार गरजेचे. नेहमीची चूकही सांगावी: २ मधून ७ जात नाहीत म्हणून मुले ७ मधूनच २ वजा करतात आणि उत्तर ३५ येते. हे माहीत असलेले पालक रागावत नाहीत, सुटे दशक मोजायला लावतात.

भाषेचे पाच-सहा नवे शब्द आणि दहा मिनिटांची एकच कृती पुरे. एखाद्या मुलाची प्रगती मात्र सामूहिक संदेशात कधीही नको. मोबाइलवरची चिठ्ठी इतर संदेशांखाली हरवते. तिची कागदी प्रत वहीत चिकटवावी. वाचणारे कुणी नसलेल्या घरी मिनिटभराचा आवाजी संदेश पाठवावा.

– एक प्राथमिक शिक्षिका