देवळांना ऑइल पेंट फासणे आधी थांबवा

मा. संपादक महोदय,

वारसा सप्ताहानिमित्त आपण काल अख्खे पान दिले. साल्हेरचा मोठा फोटो, मान्यवरांची भाषणे, ढोलपथक, शाळकरी मुलांची प्रभातफेरी. साल्हेर किल्ला आमच्या नाशिक जिल्ह्यातला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत साल्हेरसह मराठ्यांचे बारा किल्ले गेले तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. पण गावोगावची जी जुनी देवळे, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), वीरगळी (लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) कुठल्याच यादीत नाहीत, त्यांच्याबद्दल त्या पानावर एक ओळही असू नये? आज वारसा सगळ्यात जास्त तिथे मरतो आहे, आणि तो आपल्याच हातांनी मरतो आहे.

आमच्या गावचे महादेवाचे देऊळ यादवकालीन. सिन्नर तालुक्यात त्याचे नवल नाही. यादवांची सुरुवातीची राजधानी इथलीच, आणि सिन्नरचे गोंदेश्वराचे देऊळ तर सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे देऊळ त्या मानाने लहान, शिखर कधीकाळी पडलेले, पण गाभाऱ्याची द्वारशाखा म्हणजे दाराची कोरीव चौकट आणि मंडपाचे चार खांब शाबूत होते. देवस्थानच्या कमिटीने गेल्या वर्षी जीर्णोद्धार काढला. काळ्या दगडावर आधी ग्राइंडर फिरवला, मग प्रायमर, मग ऑइल पेंट. खांब गुलाबी, कीर्तिमुखे (कोरलेले उग्र चेहरे) सोनेरी, द्वारपाल पांढरे आणि त्यांचे ओठ लाल. मंडपातली जुनी फरशी उखडून ग्रॅनाइट बसवले. डावीकडच्या द्वारपालाच्या कमरेला मेखला होती, तिचा मणी न् मणी सुटा कोरलेला. मी शिक्षक असताना मुलांना तिच्यावरून बोट फिरवायला लावायचो. ग्राइंडरने ती मेखला सपाट झाली आहे. आता तिथे सोनेरी रंगाचा पट्टा ओढला आहे.

देवळासमोर वडाखाली एक वीरगळ उभी होती. तळाच्या चौकटीत गाई आणि लढता लढता पडलेला वीर, त्याच्या वर त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, त्याच्याही वर पिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. गाई सोडवताना जीव दिलेल्या कुणाची तरी ही आठवण, आणि आमच्या गावाजवळ इतका जुना दुसरा कागद नाही. नवा ओटा बांधताना ती काँक्रीटमध्ये रोवली. गाई आणि वीर, दोन्ही गाडले गेले. वरच्या चंद्र-सूर्याला चंदेरी रंग दिला.

ग्रामसभेत मी उठून बोललो. माझ्याच हाताखाली शिकलेला एक जण म्हणाला, ‘सर, देवाचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही का?’ हे वाक्य मला फार लागले. या वर्गणीत रोजंदारीवर जाणाऱ्या बायांचे पैसे आहेत, त्यांच्या भक्तीवर मी शंका घेणार नाही. पण ऑइल पेंट दगडाचे काय करतो हे त्यांना सांगायला कोण आले होते? सांध्यांत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते. रंगाने ती बुजली की ओल आत कोंडते, क्षार साठतात, आणि काही पावसाळ्यांनी रंगाचा पापुद्रा सुटतो तो दगडाची साल घेऊनच. मग पुन्हा तारेचा ब्रश, पुन्हा रंग. सिमेंटचेही तेच. ही देवळे दगडात दगड अडकवून रचलेली आहेत, त्यांच्या सांध्यांत सिमेंट भरले की दगडांना हलायला जागा उरत नाही आणि सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात. नंतरच्या काळातल्या वाड्यांना, घाटांना चुना वापरला तो चुन्याच्या घाण्यात मळून, गूळ, हिरडा, बेलफळ घालून. ते काम जाणणारे गवंडी अजून आहेत, पण त्यांना बोलावतो कोण?

काम चालू असतानाच मी संबंधित कार्यालयाला फोटोंसह पत्र लिहिले होते. उत्तर आले तेव्हा रंग वाळून कितीतरी दिवस झाले होते. ‘सदर वास्तू संरक्षित स्मारकांच्या यादीत समाविष्ट नसल्याने या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ एवढेच. गोंदेश्वर केंद्र संरक्षित, म्हणून त्याच्याभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीची अट. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा आहे, पण दोन्ही यादीपाशी येऊन थांबतात. त्याच यादवांच्या राज्यातल्या, त्याच काळ्या दगडाच्या आमच्या देवळावर कुणीही ग्राइंडर चालवावा?

आणि यात सरकारी पैसाही आहे, तो वर्गणीपेक्षा जास्त नुकसान करतो. देवस्थानाला ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला की निधी येतो. अंदाजपत्रकात काय असते? सभामंडप, पेव्हर ब्लॉक, कमान, रंगरंगोटी. जुन्या दगडाची दुरुस्ती हा रकानाच नसतो, त्यामुळे कंत्राटदार जे लिहिले आहे तेच करतो. पालकमंत्र्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की जुन्या देवळासाठी निधी मंजूर करताना पुरातत्त्व जाणणाऱ्या माणसाने एकदा जागेवर येऊन पाहिल्याशिवाय पैसे सोडू नयेत. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या देवळांची, बारवांची, वीरगळींची फोटोंसह नोंदवही ठेवावी. गावातली तरुण मुले मोबाइलवर आठवड्यात हे काम करतील. दिवे आणि ढोलांवर जो खर्च होतो त्यापुढे याला काहीच लागत नाही.

आणखी एक सांगायचे राहिले. त्याच पानावर आपण विजयदुर्गाचा फोटो ‘सिंधुदुर्ग’ म्हणून छापला आहे. सिंधुदुर्ग मालवणसमोर कुरटे बेटावर, चहूबाजूंनी समुद्र. विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी, तिहेरी तटाचा. वारशाच्या पानावर ही चूक चालण्यासारखी नाही. मुले असली पाने कापून वहीत चिकटवतात आणि तेच पाठ करतात. कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती कोपऱ्यात बारीक टाइपात नको.

शेवटी तातडीचे. शेजारच्या गावात बारवेसाठी वर्गणी सुरू झाली आहे. पायऱ्यांना सिमेंटचा गिलावा करायचा, देवकोष्ठांत म्हणजे मूर्तींच्या कोनाड्यांत टाइल्स बसवायच्या आणि महाशिवरात्रीच्या आत काम उरकायचे असे ठरते आहे. मी सरपंचांना भेटलो. ते म्हणाले, ‘गाळ आणि झाडोरा काढून, दगडाला धक्का न लावता बारव कशी नीट करायची हे जाणकाराने लेखी द्यावे, मी गावाला समजावतो.’ लेखी देणारा माणूस मला अजून मिळालेला नाही. आपल्या वार्ताहराने एकदा येऊन ही बारव पाहावी आणि ही विनंती तिच्या फोटोसह छापावी. मी सोबत यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. सिन्नर, जि. नाशिक