सांगितला आयपीएस, पाठवला टीएन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : वेबसाइटवर लिहिलेल्यापेक्षा वेगळा डिस्प्ले असलेला लॅपटॉप पाठवल्याबाबत.

महोदय,

मी नाशिकरोडला राहते आणि येवल्याच्या पैठणी विणकरांसाठी साड्यांचे फोटो काढून कॅटलॉग तयार करून देते. गेल्या महिन्यात आपल्या वेबसाइटवरून लॅपटॉप घेतला. बिलाची प्रत जोडली आहे.

घेण्याआधी पंधरा दिवस मी फक्त स्क्रीनचा विचार केला. १४ इंची बॅगेत सुटसुटीत बसतो, पण फोटोशेजारी टूलबार उघडले की जागाच उरत नाही, म्हणून १५.६ इंची. १३६६ बाय ७६८ पिक्सेलमध्ये जरीची बारीक बुट्टी उकलत नाही आणि फोर-के माझ्या बजेटबाहेर, म्हणून १९२० बाय १०८०. ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनचे रंग सुंदर, पण माझे तेच मेनू दिवसभर त्याच जागी असतात, त्यांची छाप कायमची उमटायची भीती वाटली. शेवटी आयपीएस, म्हणजे कुठूनही पाहिलं तरी रंग जवळपास तेच दाखवणारा पॅनल ठरला, तोही शंभर टक्के एसआरजीबीचा, म्हणजे फोटोंसाठीच्या या प्रमाण रंगश्रेणीतले सगळे रंग दाखवणारा. आपल्या वेबसाइटवर या मॉडेलपुढे हेच लिहिलं होतं. स्क्रीनशॉट सोबत आहे.

पहिलंच काम धूपछाव पैठणीचं होतं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे साडी हलवली की रंग पालटतो. ती मांडीवर घेऊन स्क्रीनशी ताडून पाहत होते. साडी जागची हलली नव्हती, तरी मी मान खाली केली की फोटोतला पदर काळपट व्हायचा आणि जरा उंच बसले की पांढुरका. काठाचा कुंकवासारखा लाल विटकरी दिसत होता. डोळ्यांना थकवा आला असेल समजून मी तो लाल वाढवला आणि फाइल छपाईला दिली. दोनशे प्रती भडक छापून आल्या. विणकर काका कॅटलॉग हातात धरून एवढंच म्हणाले, "ताई, हा आमचा रंग नाही." छपाईचा खर्च मी सोसला, पण त्यांचं ते वाक्य अजून मनातून जात नाही.

मग पॅनलचा क्रमांक शोधून त्याची माहिती वाचली. पॅनल टीएन आहे, म्हणजे पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलणारा, आणि रंगव्याप्ती ४५ टक्के एनटीएससी (टीव्हीची जुनी प्रमाण रंगश्रेणी), म्हणजे एसआरजीबीच्या साधारण दोन तृतीयांशाच्या आत.

आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, "रिझोल्युशन बरोबर आहे, डेड पिक्सेल नाही, काहीच फॉल्ट नाही." रिझोल्युशन बरोबर आहे हे मलाही मान्य आहे. पण पिक्सेल किती, हा एक प्रश्न आणि ते रंग कसा दाखवतात, हा वेगळा. लॅपटॉप बिघडला असं मी म्हणतच नाही. मी पैसे ज्याचे दिले ते मला मिळालेलं नाही. हेल्पलाइनवर उत्तर मिळालं की बॅचप्रमाणे पॅनल बदलू शकतो. तसं असेल तर ते विकण्याआधी सांगायला हवं होतं. कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवून घ्या, हा सल्लाही कृपया देऊ नका. जो रंग पॅनल दाखवूच शकत नाही, तो कॅलिब्रेशनने येत नाही.

वेबसाइटवर लिहिलेला पॅनल असलेला लॅपटॉप बदलून द्यावा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. दिवाळीचे कॅटलॉग तोंडावर आले आहेत आणि सध्या मी शेजारच्या मुलाचा लॅपटॉप मागून काम करते आहे.

आपली,
एक ग्राहक, नाशिकरोड
(नाव व पत्ता बिलाप्रमाणे)

सोबत : बिल, वेबसाइटचा स्क्रीनशॉट, पॅनल क्रमांकाचा फोटो, कॅटलॉगची एक प्रत