डॉक्युमेंटेशनवरून बनवलेली स्निपेट चालत नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या प्लगिनने दिलेल्या चुकीच्या स्निपेटबाबत

महोदय/महोदया,

प्रोग्रॅमिंग भाषेचे डॉक्युमेंटेशन (अधिकृत माहिती) वाचून स्निपेट, म्हणजे एडिटरमध्ये (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) आपोआप उमटणारे कोडचे तुकडे, तयार करणारे आपले प्लगिन मी वार्षिक वर्गणी भरून गेले पाच महिने वापरते आहे. मी प्रोग्रॅमिंग शिकवते. माझ्या सांगण्यावरून वर्गातल्या मुलांनीही ते आपापल्या एडिटरमध्ये घातले, म्हणून गप्प बसणे मला शक्य नाही.

पायथन भाषेत यादी क्रमाने लावणारे ‘सॉर्टेड’ हे फंक्शन लिहून टॅब दाबला की कंसात यादीची जागा, मग तिरकी रेघ, मग चांदणी, मग ‘की’ आणि ‘रिव्हर्स’ असे सगळे जसेच्या तसे उमटते. डॉक्युमेंटेशनमध्ये ती रेघ आणि चांदणी असतेच, पण ती वाचणाऱ्यासाठी आहे: रेघेआधीचे आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायचे मूल्य) नाव न लिहिता द्यायचे, चांदणीनंतरचे नाव लिहूनच द्यायचे. फंक्शन कॉल करताना ती चिन्हे तशीच ठेवली तर सिंटॅक्स एरर (भाषेच्या नियमांत न बसणारी चूक) येते. स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) शोध घेणाऱ्या ‘फाइंड’मध्येही ऐच्छिक आर्ग्युमेंट दाखवणारे चौकोनी कंस आपण थेट कोडमध्ये आणून ठेवले आहेत. मागच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी याच कंसांपायी वीस मिनिटे स्वतःची चूक शोधत बसली होती. नव्याने शिकणाऱ्याला लाल रेघ दिसली की आपलेच काहीतरी चुकले असे वाटते, एडिटरने सुचवलेल्या ओळीवर त्याला शंकाही येत नाही. मला सर्वांत जास्त त्रास याचा होतो.

फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ला एकूण ८ आर्ग्युमेंट आहेत. रोजच्या कामात फाइलचे नाव, मोड आणि फार तर एन्कोडिंग लागते. आपल्या स्निपेटमध्ये आठही ठिकाणी टॅब थांबतो आणि नको असलेली डीफॉल्ट मूल्ये एकेक करून पुसावी लागतात. त्यापेक्षा हाताने लिहिलेले लवकर होते.

पीएचपी या भाषेत तर प्रत्येक व्हेरिएबलची सुरुवातच डॉलर चिन्हाने होते. स्निपेटमध्ये त्याच चिन्हाचा अर्थ ‘इथे कर्सर थांबव’ किंवा ‘इथे एडिटरचे व्हेरिएबल भर’ असा होतो. म्हणून खरा डॉलर हवा असेल तर त्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. तो आपण देत नाही, त्यामुळे माझ्या एडिटरमध्ये डॉलर नाहीसा होतो आणि नुसते नाव उरते.

सेटिंगमध्ये मी पायथन ३.१२ निवडले आहे. तरीही पॅकेज बनवण्याच्या ‘डिस्टयुटिल्स’ची स्निपेट येतात. हे मॉड्यूल ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधूनच काढून टाकलेले आहे. चालू यूटीसी वेळ देणारे ‘यूटीसीनाऊ’ वापरू नये अशी सूचना त्याच आवृत्तीपासून डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण आपल्या स्निपेटच्या वर्णनात ती गाळली गेली आहे.

हे सर्व मी उदाहरणांसह आधी कळवले होते. ‘डॉक्युमेंटेशनमध्ये तसेच आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर देऊन आपण तक्रार बंद केली. तसेच आहे हे मलाही ठाऊक आहे. ते वाचून, अर्थ लावून चालणारा कोड द्यावा यासाठीच तर आम्ही वर्गणी भरतो. नुसती नक्कल करायला मला प्लगिन लागत नाही.

स्निपेट बाहेर पडण्याआधी रिकाम्या जागांमध्ये नमुन्याची मूल्ये भरून ते त्या भाषेच्या पार्सरमधून (कोडची रचना तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून) एकदा काढून पाहा. पायथनमध्ये त्यासाठीचे ‘एएसटी’ मॉड्यूल भाषेसोबतच मिळते. एवढे केले असते तर वर सांगितलेली रेघ, चांदणी आणि कंस तिथेच पकडले गेले असते.

माझी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी आणि १५ दिवसांत दुरुस्त आवृत्ती द्यावी. ते जमणार नसेल तर माझ्या आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या वर्गणीतील उरलेल्या महिन्यांची रक्कम परत करावी. चुकीच्या स्निपेटची यादी सोबत जोडली आहे.

आपली,
एक वर्गणीदार शिक्षिका